थट्टेचं नातं

"सिलुए," माझं ओळखपत्र उलटसुलट करत तो तरुण म्हणाला. "उत्तरेकडची. म्हणजे फोफानाचीच."

"मी दर रविवारी चर्चला जाते, भाऊ."

"नाव तर तिकडचंच ना?"

बाकीचे हसले. रस्त्यात टायर आडवे टाकले होते. एकाच्या हातात कोयता होता. माझ्या पाठीशी बांधलेली दीड वर्षांची एस्तेल झोपेत चुळबुळली.

चार पावलं मागे व्हाझूमाना बाबा उभे होते. आमच्याच अंगणातले शिंपी. एस्तेलची सगळी झबली त्यांनी उरल्यासुरल्या तुकड्यांतून शिवलेली. फोफाना आधी मास्तर होता, मग मंत्री झाला, मग 'बाप सीमेपलीकडचा' म्हणून निवडणुकीतून बाद झाला. बाबा त्याच्या एकाही सभेला गेले नव्हते. मशीन सोडून जाणार कुठे? पण फोफानाला जेवढं ढकललं, तेवढे मशिदीत जाणारे, उत्तरेकडच्या आडनावांचे, सगळेच त्याचे धरले गेले. यंदा तो निवडणूक जिंकला म्हणे, आणि समोरचा, या पोरांचा नेता, तोही जिंकला म्हणे. काल कुणीतरी बाबांच्या दारावर कोळशानं फुली मारली. मी बहिणीकडे निघाले तशी ते म्हणाले, "पोरी, मला तुझ्या मागून चालू दे. लेकुरवाळीमागच्या म्हाताऱ्याला कोण विचारतंय?"

"इरिए, सोडू नकोस हिला!" कोयतेवाला ओरडला.

इरिए! म्हणजे ओळखपत्र धरलेला हा तरुण गुरो. आणि मी सेनुफो. आमच्या दोन जमातींत पूर्वजांपासून थट्टेचं नातं आहे : वाटेल ते बोलावं, हात मात्र उगारायचा नाही.

"काय रे, तू गुरो? मग माझा गुलामच की! मालकिणीला उन्हात उभी करतोस?"

त्याचे ओठ हलले. "गुलाम तू! तुझा आजा आमच्या कोंबड्या राखायचा."

"राखतोय कसला? तुझ्या आजीनं आधीच खाऊन टाकल्या होत्या."

तो खो खो हसला. क्षणभर कुणाच्याही घरातला मुलगा वाटला. ओळखपत्र माझ्या हातात ठेवत म्हणाला, "जा, मालकीणबाई. मागे बघू नका." मग त्याची नजर पलीकडे गेली. "हा टोपीवाला म्हातारा तुमच्याबरोबर का?"

बाबांचं आडनाव दोसो. त्या नावाचं गुरोंशी थट्टेचं नातं नव्हतं. 'सासरे आहेत' म्हणावं, असं जिभेवर आलं. पण त्यांचं ओळखपत्र बघितलं की खोटं उघडं पडणार, आणि मग पाठीवरची एस्तेल...

"या बाईंना मी ओळखत नाही," बाबा म्हणाले. त्यांनी मला कधी बाई म्हटलं नव्हतं. "रस्ता एकच, म्हणून मागे चालत होतो."

"बाजूला हो, म्हाताऱ्या."

मी चालू लागले.

बाबांचा आवाज ऐकून एस्तेल जागी झाली होती. तिनं कापडातून एक हात सोडवला, मान वळवली आणि हाक मारायला तोंड उघडलं. तिचं ऐकू जाऊ नये म्हणून मी मोठमोठ्यानं चर्चमधलं गाणं म्हणू लागले. शब्द आठवत नव्हते. एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

मी वळून पाहिलं नाही. पण पाठीवरचं ओझं सारखं डावीकडे मागे झेपावत होतं, आणि बाबा नेमके कुठे उभे आहेत ते मला कळत होतं.