खंडेनवमीला मांडलेली गाणी

माझी थोरली मुलगी दानेश्वरी हिचं लग्न २००३ च्या मे महिन्यात झालं. त्याच वर्षी दसरा होऊन गेल्यावर माझ्या घरातली दोन माणसं एकमेकांशी बोलायची बंद झाली. एक माझे मालक बसाप्पा आणि दुसरा माझा मुलगा श्रीशैल.

आम्ही मूळचे कुरुंदवाडचे. मालक शिरोली एमआयडीसीत टर्नर होते, म्हणून शिरोलीतच दोन खोल्या बांधून राहिलो. श्रीशैलनं कॉलेज अर्ध्यात सोडलं आणि राजारामपुरीतल्या एका सायबर कॅफेत बसू लागला. गिऱ्हाईक नसलं की तो गाणी करायचा. त्या गाण्यांना शब्द नव्हते. परदेशातल्या मुलांच्या हातात एक गेमचं खेळणं असायचं, राखाडी रंगाचं. श्रीशैलनं ते कधी हातात धरलेलं नव्हतं. पण कॉम्प्युटरवर त्याची हुबेहूब नक्कल चालते, तिला एम्युलेटर म्हणतात. त्या नकलेत गाणं रचायचा एक प्रोग्रॅम होता.

एकदा त्यानं मला तिथं नेऊन खुर्चीवर बसवलं. मला वाटलं होतं वाद्य दिसेल. दिसले नुसते आकडे, वरून खाली सरकणारे. चाळिशी उलटल्यावर साक्षरतेच्या वर्गात मी अक्षरं आणि आकडे शिकले, त्यामुळे ते वाचता आले. त्यात गाणं कुठं आहे ते मात्र कळेना.

"अव्वा, ह्यात चारच आवाज हाईत. पाचवा मागितला तर मिळत न्हाय."

"मग भजनी मंडळ कसं बसायचं ह्यात?"

"बसतंय की. दाटीवाटीनं."

त्यानं माझ्या कानाला हेडफोन लावला. दोन आवाज पिपाणीसारखे होते, एक खालून घुमणारा. चौथा नुसता खरखराट, रेडिओचं स्टेशन चुकल्यावर येतो तसा. त्या खरखराटाचे बारीक तुकडे करून त्यानं हलगी काढली होती. कुस्तीच्या मैदानात वाजते तीच हलगी. खुर्चीवर बसल्या बसल्या माझा पाय हलायला लागला.

गाणं झालं की ते फाईलमध्ये सेव्ह करावं लागायचं, नाहीतर यंत्र बंद केलं की गेलं. गिऱ्हाइकं व्हायरस आणायची म्हणून कॅफेवाला सारखी सगळी मशीनं पुसून नवी करायचा. त्यामुळे श्रीशैल फाईल फ्लॉपीवर घ्यायचा, तिची दुसरी प्रतही काढायचा, आणि सगळ्या फ्लॉप्या घरी कपाटावर एका डब्यात ठेवायचा. घरात त्यांना धक्का लागणार नाही, असा त्याचा हिशोब.

मालकांना हे पटत नव्हतं. "व्हर्नियरवर माप घेताना मी बी आकडंच बघतो," ते म्हणायचे, "पण शेवटाला माझ्या हातात शाफ्ट येतो. तुझ्या हातात काय येतंय?"

दानेश्वरीच्या लग्नासाठी श्रीशैलनं कॅफेतला एक कॉम्प्युटर मागून आणला आणि आदल्या दिवशी घरात लावून बघितला. मालक कान देऊन उभे राहिले. कारखान्यात वर्षानुवर्षं मशीनपुढं उभं राहून त्यांना ऐकायला कमी येत होतं.

"डबड्यात मुंगळं सोडल्यागत वाजतंय," ते म्हणाले.

"अप्पा, तुमास्नी ऐकू येतंय तरी का?"

"येत न्हाय तेच बरं हाय."

दुसऱ्या दिवशी मांडववाल्याच्या स्पीकरवर जेवणाच्या वेळी ती गाणी वाजली. मालकांच्या शेजारच्या लेथवर काम करणारा कृष्णात पंगतीत बसला होता. मी हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, वाढत होते. त्याचं बोट पत्रावळीच्या कडेवर ताल धरत होतं.

"बसाप्पा, कुणाचं हाय हे?"

"आमच्या श्रीशैलचं," मालक म्हणाले. मग म्हणाले, "चार आवाजात बसवलंय सगळं. पाचवा मिळत न्हाय त्यात."

हे मीच त्यांना कधीतरी सांगितलं होतं. ते त्यांनी ध्यानात ठेवलं होतं. संध्याकाळी मी श्रीशैलला हे सांगितलं तर तो म्हणाला, "हुग्गी चढली असंल त्यास्नी."

सप्टेंबरात पुण्याच्या एका कंपनीनं त्याला बोलावलं. मोबाईलवरचे गेम करणारी कंपनी होती. दसरा झाल्यावर तुझी सगळी गाणी घेऊन ये, आमच्यासमोर उघडून, आकडे बदलून वाजवून दाखव, आवडली तर नोकरी, असं म्हणाले. त्यांना तयार सूर नको होता, करणारा हाच आहे याची खात्री हवी होती. श्रीशैल त्या दिवसांत घरात सगळ्यांशी नीट बोलायचा.

दानेश्वरीचा लग्नानंतरचा पहिला दसरा. तिला आणायला श्रीशैल जयसिंगपूरला गेला, तर तिच्या सासरच्यांनी त्याला दसऱ्यापर्यंत ठेवून घेतलं. इकडं खंडेनवमीला मालकांनी दरवर्षीसारखी आपली हत्यारं कारखान्यातून घरी आणली. व्हर्नियर, मायक्रोमीटर, आणि डायल लावायचा मॅग्नेटचा स्टँड. हा स्टँड म्हणजे खाली लोखंडी ठोकळा असतो. त्याची कळ फिरवली की तो लोखंडाला चिकटून बसतो. मालकांनी हत्यारं पुसून पाटावर मांडली. मग कपाटावरचा डबा काढला.

"पोराचं हत्यार बी मांडाय पाहिजे की," ते म्हणाले.

मी झेंडूची माळ त्यांच्या हातात दिली.

त्यांनी फ्लॉप्यांची चळत पाटाच्या मधोमध ठेवली. ती घसरत होती आणि झेंडूची माळ घातली की स्टँडही कलत होता. मग त्यांनी स्टँड चळतीवरच उभा केला आणि कळ फिरवली. फ्लॉपीला पत्र्याची झडप असते. ती धरून ठोकळा घट्ट बसला.

"बघ, आता हलत न्हाय," मालक म्हणाले. हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला. पूजेतल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नसतो, म्हणून ते तसंच राहिलं. दसऱ्याला सकाळी त्यांनी स्वतः फ्लॉप्या फडक्यानं पुसून डब्यात भरल्या. "सांगू नको त्याला. उगा दात काढंल."

श्रीशैल पुण्याला गेला आणि दुसऱ्याच दिवशी परत आला. डबा जमिनीवर ठेवून खाली बसला. एकही फ्लॉपी उघडली नव्हती, पहिली प्रतही नाही आणि दुसरीही नाही. कॉम्प्युटर प्रत्येक वेळी विचारत होता, ही कोरी आहे, वापरायची का.

तो एकेक फ्लॉपी उलटीसुलटी करून बघत होता. एकीच्या पत्र्याच्या फटीत त्याला लाल दिसलं.

"अव्वा, हे कुंकू कशाचं?"

मी सांगितलं. मला अजून कळलं नव्हतं. चांगलीच गोष्ट सांगते आहे असं मला वाटत होतं.

"कशासंगं मांडलंतं?"

"व्हर्नियर, मायक्रोमीटर, त्यो चिकटणारा स्टँड. स्टँड तर वरच उभा केलता, हलू नये म्हणून."

त्यानं फ्लॉप्या परत डब्यात भरल्या. मालक पाळी संपवून आले, चप्पल काढत होते, तेव्हा त्यानं विचारलं, "मॅग्नेटानं फ्लॉपी पुसती, हे तुमास्नी ठावं न्हवतं?"

"न्हवतं."

"मॅग्नेटावर जन्म गेला तुमचा."

"पूजेला मांडलंतं मी."

"आजवर डबडं म्हणालासा. आणि नेमकी मी पुण्याला जायच्या टायमाला पूजा?"

मालकांनी हातातली चप्पल खाली ठेवली. "तुला काय वाटतंय? मी मुद्दाम केलं?"

"व्हय."

"मग तसंच समज," मालक म्हणाले आणि आत हात धुवायला गेले.

मी श्रीशैलला पंगतीतली गोष्ट पुन्हा सांगितली, पाटावर मांडताना ते काय म्हणाले तेही सांगितलं. "तुम्ही त्यांचंच बोलणार," तो म्हणाला. आत नळ चालू होता. मालकांना किती ऐकू आलं मला माहीत नाही.

काही दिवस तो कॅफेत बसून तीच गाणी पुन्हा करायला बघत होता. हलगी येते पण तिला हात नाही, असं म्हणायचा. पुण्याच्या लोकांनी दुसरा मुलगा घेतला. मग तो हुबळीला माझ्या भावाच्या मोबाईलच्या दुकानात गेला आणि तिकडचाच झाला. गाणी पुन्हा कधी केली नाहीत. दानेश्वरीच्या मुलाच्या बारशाला आला तेव्हा बाप ज्या खोलीत होता तिथं तो गेला नाही. बापानंही हाक मारली नाही. दोघं सारखेच.

२००६ च्या पावसाळ्यात मालकांच्या छातीचं दुखणं वाढलं. एके दिवशी दुपारी ते म्हणाले, "श्रीशैलला फोन कर. म्हणावं, डिस्का मीच खराब केल्या."

"मुद्दाम न्हाय केल्या, हे बी सांगते."

"ते नको. पटायचं न्हाय त्याला." मग थोड्या वेळानं म्हणाले, "आणि पटलं तर जास्त लागंल."

मी फोन केला आणि दोन्ही सांगितलं. पलीकडून दुकानातली गडबड ऐकू येत होती. "अव्वा, गिऱ्हाईक हाय," तो म्हणाला. त्यानंतर मी पुन्हा दोनदा केला, तेव्हा माझ्या भावानं उचलला.

शेवटी शेवटी मालक दाराकडं तोंड करून निजायचे. मी विचारलं तर म्हणायचे, वारा येतोय हिकडनं. दार बंदच असायचं.

माझे मालक बसाप्पा १९ जानेवारी २००७ ला, शुक्रवारी सकाळी, शिरोलीच्या घरी वारले. श्रीशैल माती झाल्यावर पोचला.