उजव्या पंखावरचं चक्र

माझ्या कपाटात एकोणपन्नास विमानं, अकरा जहाजं आणि चार आगगाड्या आहेत. सगळं प्लॅस्टिकचं, आणि सगळं मी स्वतः तुकडा तुकडा जोडलेलं. घरी आलेला पाहुणा आधी कपाटाकडे बघतो, मग माझ्या पांढऱ्या केसांकडे, आणि विचारतो, "नातवंडांची का?" मी "माझीच" म्हणते आणि चहा टाकायला उठते. समजावत बसायचा मला कंटाळा आहे.

यातलं पहिलं विमान खालच्या फळीवर आहे. ते बहात्तरच्या दुष्काळातलं. दुष्काळ म्हणायचा बहात्तरचा, पण आम्हाला त्यानं खरं भाजलं त्र्याहत्तरात. लातूरकडच्या मुरुडपासून चार कोसांवर आमचं गाव. तिथं अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, किराण्याचं दुकान होतं. नाव मल्लिकार्जुनप्पा. तराजूचा काटा मधोमध थांबल्याशिवाय पुडी बांधायचे नाहीत आणि एकदा दिलेला शब्द फिरवायचे नाहीत. गावात त्यांना मान होता. घरात आम्ही त्यांना घाबरून होतो.

मी तेव्हा सातवीत. गावची शाळा सातवीलाच संपायची. पुढं शिकायचं तर लातूरला मुलींच्या बोर्डिंगात राहायला हवं. संक्रांतीला हैदराबादहून शिवप्पा मामा आला आणि त्यानं जेवताना विषय काढला. "दाजी, रुद्राणीला लातूरला घाला. पोरगी हुशार हाय."

"हुशार हाय, पण आरंभशूर हाय," अप्पा म्हणाले. "नव्याचे नऊ दिवस. गोधडी शिवायला घेतली, अर्धी पडली. पेटी शिकायला बसली, आठ दिवसांत उठली. बोर्डिंगातून बी अशीच पळून येईल."

बोलणं खोटं नव्हतं, म्हणून जास्त झोंबलं. मामानं मग पिशवीतून एक खोका काढला. हैदराबादेत आबिडसच्या फुटपाथवर त्याला तो मिळाला होता. वर ढगांतून झेपावणाऱ्या लढाऊ विमानाचं चित्र, आणि आत विमान नव्हतंच. आत प्लॅस्टिकच्या चौकटी होत्या आणि चौकटींना चिकटलेले त्रेचाळीस तुकडे. अर्धा पंख, चाक, शेंगदाण्याएवढा माणूस. पुढं दहा वर्षांनी लातूर जिल्हा उस्मानाबादपासून निराळा निघाला, तेव्हा वर्तमानपत्रातला नकाशा बघून मला त्या चौकटीच आठवल्या. तुकडा मोकळा करायचा म्हणजे किती सांभाळून करावा लागतो, हे मला तोवर ठाऊक झालं होतं.

अप्पांनी खोका उलटापालटा करून पाहिला. "मी पाडव्याला येतोय परत," मामा म्हणाला.

"बरं," अप्पा मला म्हणाले. "पाडव्यापस्तोर हे इमान चित्रात हाय तसं पुरं कर. चित्रातलं एक बी कमी असता कामा न्हाई. केलंस तर लातूर. न्हाई तर लातूरचं नाव काढायचं न्हाई."

मामाला खोक्यातला इंग्रजी कागद वाचता येत होता. त्यानं जाण्याआधी मला तो मराठीत लिहून दिला आणि मी कामाला लागले. अप्पांचं दाढीचं जुनं ब्लेड, अव्वाची, म्हणजे आईची, सुई, आणि खोक्यातली डिंकाची नळी. तिचा वास डोक्यात चढायचा. ब्लेडनं तुकडा चौकटीतून कापायचा, कडा घासायची, डिंकाचा ठिपका लावायचा आणि शंभर आकडे मोजेपर्यंत श्वास धरून दाबून ठेवायचं. पहिल्या दिवशी पोटाचे दोन अर्धे भाग जुळले आणि मधली फट दिसेनाशी झाली, तेव्हा मी चुलीजवळ नुसती बसून राहिले. दोन निरुपयोगी पन्हळी होत्या, त्यांचं एक अंग झालं होतं. आजही चौसष्टाव्या खेळण्याला ती फट मिटते तेव्हा माझा श्वास थांबतो. हे कुणाला सांगितलं तर हसतील, हसू देत.

विमान चालवणाऱ्याला मी दोन दिवस घेतले. माझाच एक केस सुईच्या नेढ्यात ओवला, त्याचं टोक काजळात बुडवलं आणि त्याला डोळे काढले. भुवया काढल्या. मग मनात आलं, एकटाच उडतोय बिचारा, आणि कपाळावर भस्माची एक रेघ ओढली. चित्रात ती नव्हती, पण कमी नव्हतं ना काही, जास्तच होतं.

महाशिवरात्रीपर्यंत बेचाळीस तुकडे लागले, मग त्रेचाळिसावा लागला. राहिली ती चित्रं. शेपटीवरचा आकडा आणि दोन्ही पंखांवरची लाल-पांढरी-निळी चक्रं. ही एका कागदावर छापलेली होती आणि मामानं लिहिलं होतं, "कोमट पाण्यात एक-दोन मिनिटं भिजव. चित्र कागदावरून सुटंल. मग ते हळूच सरकवून पंखावर ठेव."

पाण्यात. गावात तेव्हा दिवसाआड बैलगाडीवरून टाकी यायची आणि घराला चार घागरी मिळायच्या. अव्वा भाजी धुतलेलं पाणी म्हशीला पाजायची. खेळण्यासाठी पाणी मागणाऱ्या पोरीला तिनं काय दिलं असतं, ते सांगायला नको.

पाणी मला एकाच ठिकाणी हक्काचं मिळत होतं. आम्ही गळ्यात लिंग घालणारी माणसं. सकाळी ते डाव्या तळहातावर घ्यायचं, वर पाणी सोडायचं, भस्म आणि बेल वाहायचा, आणि ते पाणी तीर्थ म्हणून प्यायचं. प्रत्येकाचं लिंग वेगळं तसं प्रत्येकाचं तीर्थ वेगळं. तीर्थ घेतल्याशिवाय अप्पा अन्नाला शिवत नसत. दुष्काळात त्यांनी पूजेचं पाणी माणशी एक फुलपात्र केलं होतं, पण बंद केलं नव्हतं.

मी माझ्या तीर्थातले तीन थेंब जिभेवर घेतले आणि बाकीचं फुलपात्र देवघराच्या खिडकीत उन्हाला ठेवलं. पाप आहे हे मला कळत होतं. देवाच्या पाण्यात खेळणं भिजवायचं म्हणजे काय थोडं? पण लातूर त्याहून मोठं वाटत होतं. पहिल्या दिवशी शेपटीचा आकडा सुटला, दुसऱ्या दिवशी डाव्या पंखावरचं चक्र. कागदावर चिकटलेलं चित्र पाण्यात आपोआप मोकळं होतं आणि पापुद्र्यासारखं बोटावर येतं, हे बघून मी थक्क झाले होते. तिसऱ्या दिवशी उजवं चक्र फुलपात्रात टाकलं आणि बाहेरून हाक आली, "टाकी आली." टाकी आल्यावर घरात कुणी थांबत नाही. मी घागर घेऊन धावले.

परत आले तेव्हा डोक्यावर घागर होती आणि देवघराच्या दारात अप्पा उभे होते. दुकानातून जेवायला आलेले. एका हातात माझं रिकामं फुलपात्र, दुसऱ्या हाताच्या चिमटीत जिभेवरून काढलेला कागदाचा कोरा तुकडा.

"तीर्थ टाकून पळालीस?" ते म्हणाले. "असल्या दिवसांत? मीच पिऊन टाकलं. ह्यात कागुद कशाचा?"

"बेलाच्या पुडीचा असंल," मी म्हणाले.

त्यांनी कागद फेकला आणि ताटावर बसले. चक्र त्यांच्या पोटात गेलं होतं.

नंतरचे बारा दिवस कसे गेले ते माझं मला ठाऊक. कुंकवानं आणि निळीनं चक्र काढून बघितलं, प्लॅस्टिकवर रंग ठरेना, ओघळला. अप्पांना सांगायचं तर तीर्थात काय केलं ते सांगावं लागणार, वर खोटं बोलले तेही. त्यापेक्षा शाळा सुटलेली बरी, असं एकदा वाटायचं आणि लगेच लातूर डोळ्यांपुढं यायचं. लोक असल्या वेळी देव पाण्यात घालून बसतात. आमच्याकडे त्यालाही पाणी नव्हतं.

पाडव्याला मामा आला. जेवणं झाल्यावर अप्पा ओसरीवर बसले आणि म्हणाले, "आण."

मी विमान आणून त्यांच्या हातावर ठेवलं. गेले तीन महिने त्यांनी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. त्यांनी खोक्याचं झाकण मांडीवर घेतलं आणि चित्राशी एकेक गोष्ट ताडायला लागले. चाकं पाहिली. पंखा बोटानं फिरवला, तो फिरला, तर त्यांनी पुन्हा फिरवला. मग काचेतून आत डोकावले आणि तसेच राहिले.

"ह्याला डोळे हायेत," ते हळू आवाजात म्हणाले.

"हाव."

"भस्म लावलंय ह्याला. कशानं लावलंस?"

"केसानं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अप्पांनी माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. देवळात गाभाऱ्यासमोर उभे राहिले की त्यांचा चेहरा तसा व्हायचा. तेवढ्यात त्यांनी विमान वळवून धरलं आणि पंख चित्राशी लावले.

"उजव्या पंखावर चक्र न्हाई."

मामानं माझा चेहरा पाहिला आणि तोच मधे पडला. "खोक्यात नसंल आलं, दाजी. फुटपाथवरचा माल. पोरीचा काय दोष?"

किती सोपं होतं. नुसती मान हलवायची. अप्पांनी मामाचं मानलंही असतं, माल कमी येतो हे दुकानदाराला सांगायला लागत नाही. पण ज्या माणसानं आत्ता माझ्याकडे तसं पाहिलं होतं, त्याला मला फसवता येईना.

"आलं होतं," मी म्हणाले. "ते तुम्ही प्यालात, अप्पा."

मग सगळंच सांगितलं. तीर्थ, ऊन, टाकीची हाक, कोरा कागद, बेलाच्या पुडीचं खोटं. अव्वानं तोंडावर पदर धरला. अप्पा ऐकून घेत होते. माझं संपलं तेव्हा त्यांनी विमान झाकणावर ठेवलं, उठून चपला घातल्या आणि दुकानात निघून गेले. मामा म्हणाला, "आगं, मी दार उघडून दिलं होतं, तू भिंतीत घुसलीस." मी विमान खोक्यात घातलं आणि खोका माळ्यावर टाकला. लातूर संपलं, असं मनाशी म्हणून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजेला बसले तर माझ्या पाटाशेजारी अप्पांचा पाट होता. त्यांची पूजा झाली होती. त्यांनी स्वतःचं भरलेलं फुलपात्र उचललं आणि माझ्यापुढं ठेवलं.

"हे तुमचं हाय," मी म्हणाले.

"तुझं मी प्यालो न्हवं का? न इचारता प्यालो. इमानात कमी ऱ्हायलं ती चूक माझी."

"मग तुम्ही काय घेणार?"

"आज काय न्हाई."

म्हणजे दिवसभर जेवणही नाही. मला हात पुढं करवेना. त्या चैत्रात, त्या घरात, तो माणूस आपलं पाणी मला देत होता आणि आपण काही मोठं करतोय असं त्याच्या चेहऱ्यावर कुठंही नव्हतं.

"पी लवकर," अप्पा म्हणाले. "बोर्डिंगात नाव घालायचं हाय. लातूरची मोटार सातला हाय."