लवकर परतणाऱ्या पाकोळ्या

भिंतीच्या फटीतून एकतिसावी पाकोळी, अंगठ्याएवढं वटवाघूळ, बाहेर पडली, तसं वहिनींनी एकतिसावं बटण डाव्या डबीतून उजव्या डबीत टाकलं. बारा दिवस त्यांच्या वहीत हाच आकडा येत होता.

"झाल्या सगळ्या. लिंपा आता, भाऊजी," त्या खिडकीतून म्हणाल्या.

खिडकीबाहेर बांबूच्या परांचीवर बसलेला त्यांचा धाकटा दीर गवंडी होता. "एवढी हजेरी आमच्या मुकादमानंही कधी घेतली नाही," म्हणत त्याने थापी उचलली.

फट बुजवणं भागच होतं. तिच्यातून पाणी मुरून खालच्या मजल्यावरच्या आजोबांच्या खोलीला ओल आली होती. पण आतल्या पाकोळ्या कोंडून मरू नयेत म्हणून वहिनींनी अट घातली: दिवेलागणीला सगळ्या बाहेर पडल्या की मगच काम. घरी बसून पडदे शिवणाऱ्या बाईची ही अट ऐकून सोसायटीचे सेक्रेटरी हसले होते, पण "तुमच्या वहीवर आमचा विश्वास," असंही म्हणाले होते. त्या शब्दावर वहिनी आठवडाभर तरंगत होत्या.

काम संपलं. सेक्रेटरी बघायला वर आले. गवंडी थापी धूत होता, तेवढ्यात एक पाकोळी परत आली. तिने ओल्या सिमेंटपाशी दोन घिरट्या घातल्या आणि त्यालाच चिकटून बसली. मग दुसरी आली. मग तिसरी.

"घर गेलंय हे कळायला वेळ लागणारच," सेक्रेटरी म्हणाले.

वहिनींनी वही ओढली. गेल्या आठ दिवसांच्या समासात त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: चार लवकर परत, आळशी. सहा लवकर परत, आळशी. काल नऊ.

कष्ट करणाऱ्या माणसाला दुसऱ्याचं लवकर घरी येणं नेहमी आळसच वाटतं. स्वतःची लेक दोन महिन्यांची असताना वहिनी शिवणकारखान्यातून मधल्या सुट्टीत धावत घरी यायच्या, तिला पाजायला. तिथल्या सुपरवायझरने त्यांच्या नावापुढे हाच शब्द लिहिला होता.

त्यांनी वही टाकली आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"भाऊजी, काढा ते. आत पिल्लं आहेत."

"अहो, तुम्हीच म्हणालात एकतीस," सेक्रेटरी म्हणाले.

"उडणाऱ्या एकतीस. न उडणाऱ्या मी मोजल्याच नाहीत."

"आणि आजोबांना मी काय तोंड दाखवू? उद्या परांची उतरणार आहे."

"माझं नाव सांगा. चूक माझी आहे."

गवंड्याने बोटाने दाबून पाहिलं. "मालाने ओढ धरलीय, घट्ट व्हायला लागलाय, वहिनी. छिन्नी मारली तर ढेकळं आत पडतील."

"मग हाताने काढू."

तो थापीच्या टोकाने हळूहळू खरवडू लागला, सुटलेला माल ओंजळीत झेलू लागला. वहिनी खुर्चीवर चढून खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर झुकल्या आणि नखांनी उकरायला लागल्या. सेक्रेटरी काहीतरी पुटपुटले, मग एका हाताने टॉर्च आणि दुसऱ्या हाताने वहिनींची खुर्ची धरून उभे राहिले. आतून काहीच ऐकू येत नव्हतं. दोन बोटं जातील एवढं भोक पडलं, तरी पाकोळ्या नुसत्या घिरट्याच घालत होत्या.

"टॉर्च बंद करा," वहिनी म्हणाल्या.

अंधार झाला. कुणी हललं नाही. वहिनींच्या मनगटाला वारा लागला आणि एक आत गेली. मग दुसरी. आतून बारीक किचकिच सुरू झाली. आठ गेल्या.

नववी मात्र जाईना. ती हातभर खाली, बुजलेल्या भागावर पंख पसरून बसली होती.

"हिला हाकलू का?" गवंड्याने हळूच विचारलं.

"नको. तिचं पिल्लू तिथेच आहे. तिच्या शेजारून काढा."

तो परांचीवर पालथा झोपला. आता थापीही नको म्हणाला. करंगळीने उकरत राहिला. सिमेंटने चामडी सोलली तरी हात मागे घेतला नाही. पाकोळी तसूभरही सरकली नाही. बऱ्याच वेळाने तिच्या पोटाखालचा माल खचला, आणि ती अंग चोरून आत शिरली.

"गेली," तो म्हणाला.

वहिनी खुर्चीवरून उतरल्या.

"पिल्लं उडेपर्यंत तीनेक आठवडे तरी जातील," त्या सेक्रेटरींना म्हणाल्या. "तोवर आजोबांनी माझ्या खोलीत झोपावं. मी मशीन त्यांच्याकडे हलवते."

"ते तयार होतील?"

"भांडतील आधी," म्हणत वहिनींनी हात धुतले आणि त्या जिना उतरू लागल्या.