भोगीचे सहाशे किलो

अनिरुद्धरावांनी दार उघडलं. पायरीवर केळ्यांची फणी घेतलेली एक मुलगी उभी होती. काणुम पोंगलचा दिवस, म्हणजे थोरामोठ्यांना भेटायला जायचा. तंजावुरात राजवाड्यामागच्या त्या बोळात सकाळपासून माणसांची ये-जा चालूच होती. त्यांना वाटलं, कुणाची तरी नात असेल.

"मामा, ए. आर. राव म्हणजे तुम्हीच की? मी विनुता. कॅप्टन विनुता."

चेहरा अनोळखी होता, पण आवाज त्यांनी चटकन ओळखला. तीन दिवसांपूर्वी हाच आवाज फोनवर त्यांना इंग्रजीत म्हणाला होता, की घड्याळ माझ्या डोक्यावर टांगलंय, तुमच्या नाही. त्यांचा हात कडीवरच राहिला.

"ये की आंत," ते म्हणाले. घरी आलेल्याला दुसरं काय म्हणणार?

अनिरुद्धराव चेन्नईला एका विमान कंपनीत उड्डाणांचे आराखडे बनवत. कुठल्या वाटेने जायचं, किती उंचीवरून, किती इंधन घेऊन, हे सगळं त्यात असतं. एके काळी ते त्रिचीच्या विमानतळावर होते. विमान उतरून पुन्हा उडेपर्यंत जेमतेम पंचवीस मिनिटं. वैमानिकाला जागेवरून हलायला फुरसत नसते, म्हणून ते स्वतः कागद घेऊन धावत शिडी चढत आणि थेट त्याच्या हातात देत. आता आराखडा टॅब्लेटवर जातो. वैमानिकाला दिसतं ते तळाशी असलेलं नाव. धापा टाकणं वाचलं हे खरं, पण तेव्हा निदान कुणीतरी तोंड बघून 'थँक्यू' म्हणत असे.

भोगीच्या पहाटे, तमिळ मुलखात घरोघरी जुनं-पानं पेटवतात त्या पहाटे, विनुताचं विमान त्रिचीला उतरलं, तेव्हा तिच्या टॅब्लेटवर चेन्नईचा आराखडा तयारच होता. इंधन भरून गाडी निघूनही गेली. आणि दारं लावायच्या बेतात असतानाच दुसरा आराखडा येऊन धडकला: सहाशे किलो इंधन जास्त. तिने वैतागून फोन केला. हवामानाच्या अंदाजात तर नुसतं विरळ धुकं होतं.

"आज भोगी आहे, कॅप्टन," पलीकडून उत्तर आलं होतं. "आणि चेन्नईला वारा नाही."

ती चिडली, पण इंधनाची गाडी तिने परत बोलावली. विमानाला अठरा मिनिटं उशीर झाला आणि तो अनिरुद्धरावांच्या नावावर पडला. दुसऱ्याच दिवशी खुलासा मागणारं पत्र आलं. निवृत्तीला उरले होते पंधरा दिवस. चौतीस वर्षांत असं पत्र कधी आलं नव्हतं. सणाला घरी आले खरे, पण पोंगल त्यांच्या घशाखाली उतरला नव्हता. उत्तर लिहायला बसले की लेखणी अडे. आपण म्हातारे होऊन उगाच भिऊ लागलो की काय, हा किडा डोक्यातून जात नव्हता. आणि आता ही पोरगी आणखी काय सुनवायला आली होती?

त्यांच्या पत्नी भामाबाई दोन डबऱ्यांत, म्हणजे पितळी वाट्यांत, कापी म्हणजे कॉफी घेऊन आल्या. विनुताने डबरा घेतला, पण कापीला तोंड लावलं नाही.

"मामा, चेन्नईवर मी छत्तीस मिनिटं घिरट्या घातल्या," ती म्हणाली. "खाली नुसता धूर. पुढची दोन विमानं तिरुपतीकडे वळली."

"तिथेही भोगीच की," अनिरुद्धराव पुटपुटले.

"हो. तिथेही काही दिसेना. त्यांचे आवाज मी ऐकत होते." तिने डबरा खाली ठेवला. "मागे सत्तर माणसं बसली होती. मी दर दोन मिनिटांनी इंधनाचा काटा बघायची आणि तुमचे सहाशे किलो मोजायची. तेवढ्यावर थांबले, मामा. मग धूर विरला आणि उतरले. सुखरूप उतरलं की कुणी काही विचारत नाही, म्हणून मीही काही लिहिलं नव्हतं. काल तुमच्या पत्राचं कळलं. अम्माला नाव सांगितलं तर ती म्हणाली, ते तर आपल्या भामामामींचे यजमान, दोन बोळ सोडून राहतात."

तिने टॅब्लेट त्यांच्यापुढे धरला. तिचा अहवाल होता. अनिरुद्धरावांनी चष्मा पुसला आणि सावकाश वाचला. शेवटी लिहिलं होतं: मी या इंधनाला हरकत घेतली होती. ती माझी चूक होती.

"हे काढ," ते म्हणाले. "कॅप्टनने विचारायलाच हवं. न विचारणाऱ्याची मला भीती वाटते."

"राहू दे, मामा. खरं आहे ते."

तिने बोट टेकवलं. अहवाल गेला. अनिरुद्धरावांना खूप काही म्हणायचं होतं.

"कापी निवली," एवढंच ते म्हणाले, आणि धोतराच्या सोग्याने चष्मा पुन्हा पुसू लागले.

केळी ठेवायला विनुता मामींच्या मागोमाग गेली. मागल्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आत फाटक्या चटया, झिजलेल्या केरसुण्या, तुटकी सुपं, पार छतापर्यंत रचलेली.

"हे काय, मामी?"

"एकवीस वर्षांची भोगी," भामाबाई म्हणाल्या. "सगळा गांव जुनं-पानं पेटवतो. आमच्या घरी बंदी. मी म्हणतें, तंजावुरात एक चटई पेटली तर चेन्नईचं विमान अडतं काय? ऐकतात कुठं." मग त्यांनी ओसरीकडे वळून विचारलं, "अहो, महिनाअखेरीस नोकरी संपली की तुमची. पुढल्या भोगीला पेटवूं की हे आता?"

अनिरुद्धरावांनी विनुताकडे पाहिलं.

"माझी संपली," ते म्हणाले. "हिची संपली काय?"

"सरी, राहूं दे तर," म्हणत भामाबाईंनी दार ओढलं. ते नीट बसेना. विनुताने केळी खाली ठेवली आणि त्यांच्याबरोबर खांदा लावून ते लोटलं.