वैरागटोल्याच्या गोलाची जाळी

सामना रविवारी होता, पण घाटमाडगीत तो आठवडाभर आधीपासून इंदुताईच्या टपरीवर रोज खेळला जात होता. रोज घाटमाडगीच जिंकत होती, हे सांगायला नकोच. ज्यांनी जन्मात चेंडूला पाय लावला नव्हता, ते बाकावर बसून बिस्किटाच्या तुकड्यांनी वैरागटोल्याचा बचाव फोडून दाखवत होते. त्यांचा डावा बॅक जाड झालाय, त्यांचा तो उंच पोरगा सूरजागडच्या खाणीवर कामाला गेलाय, त्याला सुट्टी मिळत नाही, त्यांचा कोच पत्रू नुसता बोलघेवडा आहे, अशी सगळी खबर तिथं चहासोबत मिळायची.

खरं म्हणाल तर दोन्ही संघ सारखेच रद्दी होते. नदीकाठच्या लीगच्या दुसऱ्या गटात शेवटून पहिला आणि शेवटून दुसरा कोण, एवढंच त्यांच्यात ठरायचं बाकी होतं. दुसऱ्या गटाखाली तिसरा गट नव्हता. हरेल त्याने लीगमधून नाव काढून घरी बसायचं. घाटमाडगीला बरोबरीही चालणार होती, कारण त्यांनी वर्षभरात गोल थोडे कमी खाल्ले होते. आणि ते कमी खाल्ले होते ते एकट्या प्रफुलमुळे. प्रफुल त्यांचा गोलकीपर.

लटारू या संघाचा कोच. तलावावर मासेमारी, घरच्या बांधीत थोडी धानाची शेती, आणि उरलेला सगळा जीव फुटबॉलमध्ये. संघ त्याने उभा केला होता आणि तो बुडताना पाहायची त्याची छाती नव्हती. म्हणून त्या आठवड्यात तो टपरीवर एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायचा.

"आपल्याले खेळाच लागत नाई बावा. त्याइच्या गोलाले जाळीच नाई."

आणि ते खरं होतं. वैरागटोल्याच्या एका गोलाची जाळी रानडुकरांनी फाडून तिच्या चिंध्या केल्या होत्या. मागवलेली नवी जाळी कुठल्या गोदामात अडकली होती, देव जाणे. लीगचा नियम होता की यजमानाच्या दोन्हीपैकी एका गोलाला जरी जाळी नसेल, तरी पाहुण्यांना न खेळता विजय. ते गाव सगळं धानवाल्यांचं. जाळं विणणं त्यांच्या बापजाद्यांनी केलं नव्हतं. इकडे घाटमाडगीत घरोघरी जाळी विणली जात होती, पण पत्रूचा ताठा असा की तो नदी ओलांडून मागायला येणार नाही. लटारूला याची खात्री होती आणि तो खूश होता. खूश व्हायला त्याला थोडी लाज वाटत होती, पण थोडीच.

मग प्रफुलची बोटं दिसली.

सरावात प्रफुलच्या हातून चेंडू सुटला. एकदा, मग पुन्हा. हा पोरगा म्हणजे पाण्यातून मरळ मासा हाताने धरणारा. लटारूने जवळ जाऊन पाहिलं तर बोटांना चिकटपट्ट्या.

"का झालं रे हाताले?"

"काई नाई भाऊ. चेंडू लागला."

चेंडूने बोट सुजतं, कापत नाही. लटारूच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. त्यानंतर त्याला सगळंच दिसायला लागलं. प्रफुल संध्याकाळी घरी नसायचा. त्याचा फोन लागायचा नाही. एक दिवस तो घाटावर डोंग्यातून उतरताना दिसला. पलीकडून आला होता, आणि पलीकडे वैरागटोल्याशिवाय आहे काय? लटारूने विचारलं तर म्हणाला, "मित्राकडे गेल्तो." कोणता मित्र? नाव नाही, गाव नाही.

कुठंतरी पाणी मुरत होतं. पत्रू एवढा शांत का बसलाय, याचं उत्तर लटारूला आपोआप मिळालं. ज्याने समोरच्याचा गोलकीपर फोडला, त्याला कसली काळजी! जाळी तो शेवटच्या क्षणी कुठूनतरी आणेल, आणि प्रफुल चेंडू सोडेल. सरावात सोडून पाहतोच आहे.

पण लटारूचं खरं दुखणं वेगळंच होतं. प्रफुलचा बाप तो लहान असतानाच गेला. तेव्हापासून पोरगं लटारूच्या अंगणातच वाढलं. पोहायला, डोंगा हाकायला, जाळं विणायला, गोलात उभं राहायला, सगळं लटारूने शिकवलं. परक्याने दगा दिला तर माणूस शिव्या देऊन मोकळा होतो. इथे शिवीसुद्धा देता येत नव्हती.

शुक्रवारी तो तलावाच्या पाळीवर बसला होता. त्याची बायको गुणाबाई वाळत घातलेली जाळी उचलत होती. पाळीवर सगळ्यांची जाळी एकत्रच वाळतात. म्हणून प्रत्येक घर जाळ्याच्या पहिल्या कोपऱ्यात आपली खूण बांधतं. कोणाची लाल चिंधी, कोणाची शिंपली. लटारूच्या घरची खूण म्हणजे करगोट्याच्या काळ्या दोऱ्याची दुहेरी गाठ. जाळं विकलं, दिलं, उसनं नेलं, तरी खूण काढत नाहीत. कोणाच्या घरून आलं ते कळलं पाहिजे, एवढाच त्यातला अर्थ.

"तो प्रफुल फुटला," लटारू म्हणाला.

गुणाबाईने हातातलं जाळं खाली ठेवलं. "कोन म्हनते?"

"मी म्हनतो. मले दिसते ना."

"त्याले विचारलं?"

"विचारून चोर सांगते का?"

"चोर!" गुणाबाई तडकली. "तुमाले दिसते तं सारंच, अन् विचाराले तोंड नाई. मनात कुढून राह्यले तं कुढा. मले नोका सांगू."

तिने जाळं उचललं आणि चालू लागली. लटारूला वाटलं, हीसुद्धा त्याच्याच बाजूची.

शनिवारी नावं घ्यायची होती. ही या दोन गावांची जुनी रीत. सामन्याच्या आदल्या दिवशी पाहुणा संघ मैदान पाहायला जातो, मुलगी पाहायला जावं तसा. चहा-पोहे होतात. मग मैदानाच्या मधोमध दोन्ही कोच उभे राहून आपापली अकरा नावं मोठ्याने घेतात आणि नारळ फोडतात. नारळ फुटला की नाव बदलत नाही. कोणी पाय मोडून घेतला तर दहाजण खेळतील, पण नवं नाव नाही. गेल्या वर्षी पत्रूचा सगळ्यात चांगला फॉरवर्ड मोटारसायकल पंक्चर झाल्याने नारळ फुटल्यावरच पोचला, त्याच्या जागी दुसऱ्याचं नाव गेलं होतं. पत्रू हात जोडून म्हणाला, "भाऊ, एक नाव बदलू द्या." तेव्हा लटारूने फुटलेला नारळ दाखवला होता, सगळ्या गावासमोर, हसत. हे वैरागटोला विसरला नव्हता, आणि लटारूही विसरला नव्हता.

डोंग्यातून नदी ओलांडताना कप्तान हेमराज उद्याचा सामना सगळ्यांना समजावून सांगत होता. पहिला अर्धा तास मागे राहायचं, मग चंचलने डाव्या बाजूने पळायचं. चंचल बचावात खेळायचा. धावायला पक्का, पण हात त्याचे लाकडाचे. लटारूचं लक्ष नव्हतं. तो प्रफुलकडे पाहत होता. प्रफुल पाण्याकडे पाहत होता आणि मधूनच, कारण नसताना, हसत होता.

वैरागटोल्यात शिरले तेव्हा पहिल्या घरचं कुत्रं सगळ्यांवर धावून आलं. प्रफुलच्या पायाशी येऊन मात्र शेपूट हलवायला लागलं. पुढच्या अंगणातून एका म्हातारीने हाक मारली.

"प्रफुल! आज चहा न घेता जाशीन तं पाहाजो!"

प्रफुल ओशाळला. हेमराज आणि चंचल एकमेकांकडे पाहायला लागले. लटारूच्या कानशिलात आग पेटली. आता पुरावा आणखी काय हवा होता? कुत्रंसुद्धा ओळखतं!

मैदानावर मोहाच्या झाडाखाली चहा झाला. लटारूने समोरच्या गोलाकडे पाहिलं. नुसते खांब. त्याच्या जिवात जीव आला.

"पत्रूभाऊ, जाळी नाई दिसून राह्यली," तो अगदी सहज म्हणाला.

पत्रू मिशीत हसला. "पहिले नावं घेऊ जी. मंग दाखवतो."

ते हसू लटारूला झोंबलं. म्हणजे जाळी आहे. म्हणजे सामना होणार. आणि सामना होणार म्हणजे गोलात प्रफुल उभा राहणार, आणि हा माणूस म्हणूनच हसतोय. त्या क्षणी लटारूचं ठरलं.

दोघे मधोमध उभे राहिले. दोन्ही गावं भोवती गोळा झाली. पत्रूने आपली नावं घेतली. मग लटारू बोलायला लागला. हेमराज, मग बचावातले, मग पुढचे. चंचलचं नाव अजून आलं नव्हतं, प्रफुलचंही नाही. प्रफुल सवयीप्रमाणे एक पाऊल पुढे सरकला होता.

"अन् गोलात," लटारू म्हणाला, "चंचल."

चंचलने आपले हात वर करून पाहिले, जणू ते आजच फुटले होते. हेमराज म्हणाला, "भाऊ?" लटारूने त्याच्याकडे पाहिलंच नाही. त्याने नारळ दगडावर आपटला. पाणी उडालं, पोरांनी खोबऱ्यावर झडप घातली.

प्रफुल पुढे टाकलेलं पाऊल मागे घेऊन उभा राहिला. त्याने का म्हणून विचारलं नाही. विचारलं असतं तर लटारूला बरं वाटलं असतं.

पत्रूचं हसू मात्र उतरलं होतं. आपला फोडलेला माणूस वगळला गेला म्हणून, असं लटारूने मनाशी म्हटलं, आणि त्याला घटकाभर फार समाधान वाटलं. तेवढ्यात दोन पोरं ग्रामपंचायतीच्या खोलीतून एक मोठं गाठोडं घेऊन आली. गोलाच्या खांबावर चढून त्यांनी जाळी सोडली. पांढरी, दाट, एकसारख्या घरांची जाळी. दुकानातली नव्हती. जन्म जाळ्यात गेलेल्या माणसाला हे लांबूनही कळतं.

पत्रूने घसा खाकरला. त्याला भाषण करायचं होतं.

"गाववाले हो, ऐका. आपन खेळाच्या आधीच हरलो होतो. मी काई मांगाले गेलो नाई, माहा सोभाव तुमाले मालूम आहे. पन लटारूभाऊनं न मांगता जाळी धाडली. आपलं मानूस धाडलं, त्यानं रोज येऊन इथीच बसून विनली. गेल्या साली मी यायले लय शिव्या देल्या. आज सर्व्यासमोर वापस घेतो." त्याने लटारूसमोर हात जोडले. "जाळी नसती धाडली तं भाऊ, तुमी बसल्या जागी जिंकले असते. असं कोन करते जी?"

टाळ्या वाजल्या. कुठल्यातरी म्हातारीने तोंडाला पदर लावला.

लटारू गोलापाशी गेला. पाय आपोआप गेले. त्याने जाळीचा पहिला कोपरा हातात धरला. करगोट्याच्या काळ्या दोऱ्याची दुहेरी गाठ. प्रफुलच्या स्वतःच्या घरची खूण लाल चिंधी होती. ती त्याने बांधली नव्हती. नायलॉनच्या दोऱ्याने बोटं कापून घेतली, रोज नदी ओलांडली, आणि वर नाव लावलं लटारूच्या घराचं.

टपरीवर आठवडाभर बोललेलं वाक्य त्याला आठवलं. ते बोलताना प्रफुल तिथंच बसलेला असायचा, चहाचा कप हातात धरून, मान खाली घालून. खेळाच लागत नाई बावा. लाजेने लटारूने जाळीचा कोपरा सोडून दिला.

तो मागे वळला. टाळ्या अजून चालूच होत्या.

"पत्रूभाऊ," तो म्हणाला. टाळ्या थांबेनात, म्हणून हात वर करून पुन्हा म्हणाला. "पत्रूभाऊ, मी नाई धाडली. मले मालूमच नोतं. मी तं वाट पाहून राह्यलो होतो, तुमची जाळी नाई लागत म्हनून. या पोट्ट्यानं त्याच्या मनानं केलं. अन् मी त्याच्यावर सक घेतला, अन् त्याचं नाव कापलं."

पत्रूचे जोडलेले हात हळूच खाली आले.

"एक नाव बदलू द्या," लटारू म्हणाला. बोलताबोलताच त्याला कळलं की हे वाक्य त्याने आधी कुठे ऐकलं आहे.

पत्रूने आपल्या गावाकडे पाहिलं. गाव जमिनीकडे पाहत होतं. तिथं नारळाच्या करवंट्या पडल्या होत्या आणि पोरं खोबरं चावत होती. पत्रूला वाईट वाटत होतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"भाऊ," तो शेवटी म्हणाला, "माह्या एकट्याच्या हातात असतं तं देलं असतं."

लटारूने मान हलवली. यापेक्षा वेगळं उत्तर त्याने स्वतःही कधी दिलं नव्हतं.

मग प्रफुल जवळ आला. त्याने पिशवीतून हातमोजे काढले, चंचलला दिले.

"तू उजवीकडे उशिरा पडते," तो चंचलला म्हणाला. "खांब सोडून एक पाऊल पुढी उभा राह्य. चल, मी मारतो."

"प्रफुल," लटारू म्हणाला, "तू मले सांगितलं काऊन नाई रे?"

प्रफुल थांबला. "सांगितलं असतं तं तुमी विनू देल्ली असती का, भाऊ?"

प्रफुल चेंडू ठेवून मागे सरकला, धावत आला आणि मारला. चंचल पडला, उशिरा, उजवीकडे. चेंडू त्याच्या हातावरून जाऊन जाळीत बसला. जाळी फुगली, तिने चेंडू अलगद धरला आणि खाली सोडला. एकही गाठ सुटली नाही.

"पुन्हा," प्रफुल म्हणाला.

चेंडू आणायला चंचल उठत होता, पण त्याच्या आधी लटारू गेला. जाळीत वाकून त्याने चेंडू उचलला आणि प्रफुलच्या पायाशी नेऊन ठेवला. मग तो पुन्हा गोलामागे जाऊन उभा राहिला, पुढचा चेंडू आणून द्यायला.