फसवून दिलेली

चहाचा ट्रे घेऊन आलेल्या द्वारकाबाई दारातच थबकल्या. आत भावकीतले जाणते सखारामतात्या बोलत होते.

"मोतीराम, वाईट वाटून घेऊ नका, पण पोरगी तुम्ही फसवून दिली. डोक्याचं दुखणं लग्नाआधीचंच असणार. आता बोभाटा नको, लेकराला अन् तिला घेऊन जा."

मोतीराम म्हणजे द्वारकाबाईंच्या सुनेचे, दीपमालाचे वडील. सोफ्याच्या कडेवर ते असे बसले होते, जणू पूर्ण बसायची परवानगीच नाही. समोर द्वारकाबाईंचे यजमान नानासाहेब, शेजारी मुलगा इंद्रजीत. गावची, शेंद्र्याची जमीन कारखान्यांना जाऊन पैसा आल्यापासून हर्सूलच्या या घरात कशाची कमी नव्हती. दारात गाडी उभी होती. पण मनाच्या डॉक्टरकडं जायचं म्हटलं की ती गाडी कधी मोकळी नसायची.

दोन वर्षांमागं दीपमालाला मुलगी झाली आणि तिची झोप उडाली. बाळ रडायचं, तीही रडायची. खूप मिनतवाऱ्या केल्यावर तिला शहरातल्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बाळंतपणानंतर असं होतं, बाई म्हणाल्या. गोळ्या मध्येच सोडू नका आणि हिला झोपू द्या. गोळ्यांनी उतार पडला. दीपमाला बाळाला न्हाऊमाखू घालू लागली, शेजारणीच्या नकला करून सासूला हसवू लागली. पण मेडिकलवाला भावकीतला. गोळ्या कशाच्या, हे शेंद्र्यात घरोघर कळलं. त्याच दिवशी इंद्रजीतनं सगळं पाकीट मोरीत रिकामं केलं. मग पडेगावच्या पुढं एका बुवाकडं फेऱ्या सुरू झाल्या. अंगारा, लिंबं, मिरच्यांचा धूर. धुरात दीपमाला तडफडायची तेव्हा तिचे हात द्वारकाबाईंनीच धरले होते. आता ती मागच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडलेली असायची.

"वकिलाशी बोललोय मी," इंद्रजीत म्हणाला. "आजार लपवून लग्न लावलं, अशी केस होते."

द्वारकाबाईंनी ट्रे टेबलावर आदळला. चहा हिंदकळून बशांत सांडला.

"लपवला कुणी?"

"तू आत जा," नानासाहेब म्हणाले.

"नाय जात. ती या घरात आली तवा कशी व्हती, ते मी रोज बघितलंय. गोळ्या मोरीत कुणी टाकल्या? पोरगी झाली तर पेढे काहून वाटले नाय? सव्वा महिना व्हायच्या आत तिला पाहुण्यांच्या भाकरी थापायला बसवलं. मीच बसवलं. तिच्या बापानं नाय."

"वहिनी, हे बायकांनी बोलायचं काम नाय," तात्या म्हणाले.

"तात्या, तुमी तर बोलूच नका. तुमाला ठावं हाय. इंद्रजीतच्या वेळी मलाबी असंच झालं व्हतं. कडब्याच्या खोलीत कोंडून बाहेरून कडी लावली. उन्हाळाभर. लोकांना सांगितलं, बाहेरचं लागलंय." त्या नानासाहेबांकडं वळल्या. "मग मलाबी माझ्या बापानं फसवून दिलं व्हतं का? सांगा की. कडी कुणी लावली व्हती?"

नानासाहेब बंद टीव्हीकडं बघत राहिले.

इंद्रजीत हे पहिल्यांदाच ऐकत होता. त्याचा चेहरा उतरला. क्षणभर द्वारकाबाईंना वाटलं, उठेल, जवळ येईल. तो म्हणाला, "आई, हे चारचौघांत काढायची काय गरज होती?"

आईला कोंडल्याचं त्याला काही नव्हतं. चारचौघांत निघालं, ते लागलं होतं. द्वारकाबाईंच्या पोटातला राग तिथं निवला नाही, घट्ट झाला.

"इवाई, तुमी तरी बोला," त्या व्याह्यांना, मोतीरामांना म्हणाल्या.

मोतीराम खाली बघूनच म्हणाले, "धाकटीचं जमवायचंय, ताई. ही परत आली तर..."

बाप, सासरा, नवरा, तिघंही तिथंच बसलेले, आणि त्या पोरीला टेकायला भिंत नव्हती. द्वारकाबाईंना वाटलं, सगळ्यांच्या कपातला चहा मोरीत ओतावा.

"ती इथंच राहील," त्या म्हणाल्या. "हे घर माझ्या नावावर हाय. बाईच्या नावानं नोंदणीला खर्च कमी लागतो म्हणून तुमीच केलं व्हतं. ज्याला तिच्याबरोबर राहायचं नाय, त्यानं बॅग भरावी."

संध्याकाळच्या आत इंद्रजीत मित्राकडं निघून गेला. दुसऱ्या दिवशी नानासाहेबांनी गाडीची किल्ली दिली नाही. द्वारकाबाईंनी रिक्षा केली, नात कडेवर घेतली आणि सुनेला घेऊन डॉक्टरीणबाईंकडं गेल्या.

"गोळ्या का बंद केल्या होत्या?" बाईंनी विचारलं.

"घरच्यांनी फेकल्या. मी बघत व्हते."

"आता वेळ लागेल," बाई म्हणाल्या.

परत येताना द्वारकाबाई मुद्दाम भावकीतल्याच मेडिकलवर थांबल्या आणि रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मनाच्या आजाराच्या गोळ्या दे. शेंद्र्याला कळवायचं असंल तर मी उभी हाय, लाव फोन."

त्यानं मान खाली घालून गोळ्या दिल्या.

महिना गेला. इंद्रजीतच्या वकिलाची नोटीस आली. नानासाहेब द्वारकाबाईंशी बोलत नव्हते, ताट मात्र त्यांच्याच हातचं लागत होतं. दीपमाला थोडं खाऊ लागली, मुलीला मांडीवर घेऊ लागली. एका दुपारी द्वारकाबाई तिला गोळी द्यायला गेल्या, तर तिनं त्यांच्याकडं सरळ पाहिलं.

"आत्याबाई, त्या दिवशी मी आतून ऐकलं. तुमच्यावर हे सगळं गुदरलं होतं. तुम्हाला माहीत होतं. तरी बुवाकडं माझे हात धरलेत."

"व्हय," द्वारकाबाई म्हणाल्या.

"गोळी तिथं ठेवा. माझी मी घेईन. आणि दार लोटू नका."

त्यांनी गोळी आणि पाण्याचा पेला फळीवर ठेवला, दार सताड उघडं सोडलं आणि सांजच्याला सुनेसाठी वकील शोधायला बाहेर पडल्या.