प्रवक्त्या बाईंचा थर्मास

मी एक जुना थर्मास आहे. अंगावर गुलाबाचं चित्र होतं, त्यातली आता दीड पाकळी उरली आहे. बूच दोनदा बदललं, झाकणाला पोचा आला. पण मित्रांनो, आतली काचेची बाटली अजून शाबूत आहे. माझ्या वयाच्या किती जणांना असं म्हणता येईल?

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. डोळे उघडले ते कालिनाव गावच्या चर्चसमोर. नाताळच्या आधी नऊ दिवस तिथे पहाटेची प्रार्थना असते. ती सुटली की कुडकुडणारी माणसं तांदळाच्या गरम केकसाठी आणि आल्याच्या चहासाठी रांग लावतात. चहा नानाय बेलेनचा, आणि गिऱ्हाइकांना हाका मारायचं काम तिच्या सात वर्षांच्या लेकीचं, दोरिंगचं. काय खणखणीत आवाज होता तिचा! घंटा वाजवणारा फादरसुद्धा दचकायचा. चहाचं पहिलं झाकण आई तिलाच द्यायची.

"घसा जप गं पोरी," नानाय म्हणायची. "आपल्या घरात विकायला दुसरं आहे काय?"

त्या आवाजाने दोरिंगला खूप दूर नेलं. आधी जिल्ह्याच्या गावी रेडिओवर बातम्या, मग राजधानी मनिला, आणि एके दिवशी थेट अध्यक्षांची प्रवक्ती. निघताना आईने मला तिच्या पिशवीत घातलं. पुढे दर शनिवारी गावाकडच्या बसने आल्याची पुडी यायची आणि दोरिंग रोज सकाळी स्वतः चहा उकळायची.

ती माझी वैभवाची वर्षं. राष्ट्रध्वजाशेजारी एक उंच लाकडी मेज होतं, त्यामागे ती उभी राहायची आणि मेजाच्या आतल्या फळीवर मी. समोर तीस-चाळीस पत्रकार. पत्रकार तिला 'सेक दोरिंग' म्हणत, सेक म्हणजे सेक्रेटरी, आणि घाबरतही. तिच्या तोंडून कधी चुकीचा आकडा गेला नाही. माहीत नसेल तर "माहीत नाही, चारला सांगते" म्हणायची आणि चारला खरंच सांगायची.

पण नोकरी म्हणजे नोकरी. कधी कधी वरून असा कागद यायचा की तो वाचताना तिची जीभ टाळ्याला चिकटायची. तेव्हा ती मला वर काढायची, सावकाश बूच उघडायची, झाकणात चहा ओतून फुंकर मारायची. घोट घेईपर्यंत गोलमोल उत्तर तयार. अशी वेळ मारून नेण्यात माझा वाटा मोठा होता आणि खरं सांगतो, मला त्याचा अभिमानही वाटायचा. हाताखालच्या जोव्हेन नावाच्या अधिकाऱ्यालाही तिने ही युक्ती शिकवली.

पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या पत्रकाराने, कुया कुलासने, मात्र हे केव्हाच ओळखलं होतं. "लिहून घ्या रे," तो बाकीच्यांना सांगायचा, "थर्मासचं झाकण उघडलं, आता सेकचं तोंड बंद!" सगळे हसायचे. दोरिंगही हसायची.

मग तो ऑगस्ट आला. कालिनावच्या वरच्या अंगाला धरण आहे. पाऊस इतका झाला की पहाटे धरणाचे दरवाजे उघडावे लागले. दरवाजे उघडण्याआधी भोंगा तीनदा वाजवायचा असा नियम आहे. सकाळी नानायचा फोन आला. मी तिच्या टेबलावरच होतो, सगळं ऐकलं.

"भोंगा वाजलाच नाही गं. सेपाचा नवरा कार्डिंग म्हैस सोडायला खाली गेला होता. पाणी आलं ते एकदम. सापडला नाही अजून." सेपा म्हणजे शाळेत दोरिंगच्या शेजारी बसणारी मैत्रीण.

दहा वाजता वरून कागद आला. त्यात लिहिलं होतं, भोंगा तीनदा वाजला. काही लोकांनी ऐकलं नाही.

"सर, हे खरं नाहीये," दोरिंग फोनवर म्हणाली.

"सेक, तुम्ही तिथे होतात का? नाही ना? मग वाचा," पलीकडून उत्तर आलं.

त्या दिवशी तिने मला उघडलं तेव्हा चहा झाकणाबाहेर कागदावर सांडला. तिने घोट घेतला. आणि त्याच खणखणीत आवाजात म्हणाली, "भोंगा तीनदा वाजला होता."

कुया कुलास हसला नाही. त्याने वही मिटली आणि उठून गेला.

कालिनावला कार्डिंग हेकट ठरला. म्हशीपायी जीव घालवला, भोंगा ऐकून न ऐकल्यासारखं केलं, असं वर्तमानपत्रांतही आलं. सेपाच्या पोरांना शाळेत त्यावरून चिडवायचे. पुढच्या शनिवारी आल्याची पुडी आली नाही. त्यानंतर कधीच आली नाही. नानाय भांडली नाही. नुसती पुडी बंद झाली.

दोन वर्षांनी सरकार बदललं आणि दोरिंग टीव्हीवर गेली. तिथे रोज संध्याकाळी ती नव्या सरकारच्या प्रवक्त्याची चिरफाड करायची. हा शब्द का वापरला, तो प्रश्न कसा टाळला, सगळं फोडून सांगायची. "खाल्ल्या घरचे वासे मोजते," असं जुने सहकारी म्हणायचे. लोक मात्र जेवण थांबवून बघायचे. तिला रस्त्यात थांबवून फोटो काढायचे. आणि मी? स्टुडिओतल्या तिच्या टेबलावर माझ्यात पेन्सिली ठेवल्या होत्या, मित्रांनो. तळाशी जुन्या चहाचा थर वाळून आंबूस वास यायचा, पण विसळायला वेळ कोणाला होता?

गेल्या ऑक्टोबरात दुसऱ्याच एका धरणाचं पाणी सुटलं. नवा प्रवक्ता होता तिचाच जोव्हेन. पडद्यावर तो बोलत होता आणि स्टुडिओत दोरिंग बघत होती. "भोंगा वाजला होता का?" कोणीतरी विचारलं. जोव्हेनने एक स्टीलची बाटली वर काढली, सावकाश झाकण उघडलं, फुंकर मारली.

दोरिंगने हातातली पेन्सिल खाली ठेवली.

"काय वाटतं, मॅम?" सूत्रसंचालकाने विचारलं. "खरं बोलतोय?"

"नाही. ही युक्ती त्याला मीच शिकवली." ती कॅमेऱ्याकडे वळली. "कालिनावचा भोंगाही वाजला नव्हता. मला माहीत होतं. कार्डिंग हेकट नव्हता. त्याला ऐकायला काही नव्हतंच."

"जाहिरात! जाहिरात घ्या!" कोणीतरी ओरडलं.

महिन्याभरात कार्यक्रम बंद झाला. एका बाजूचे तिला फितूर म्हणाले, दुसऱ्या बाजूचे ढोंगी. डिसेंबरात तिने माझ्यातल्या पेन्सिली ओतल्या, मला पिशवीत घातलं आणि गावची बस धरली.

पहाटेची प्रार्थना नुकतीच सुटली होती. ठेल्यामागे आता सेपा उभी होती. नानाय बाजूला शाल गुंडाळून बसली होती. तिने लेकीकडे पाहिलं आणि शाल आणखी घट्ट ओढली.

"काय हवंय?" सेपाने विचारलं, जणू गिऱ्हाइकच आलंय.

"चहा. यात दे." दोरिंगने मला पुढे केलं.

सेपाने बूच उघडून नाकाशी नेलं. "शी! किती वर्षं धुतला नाहीस गं हा?" तिने मला कढत पाण्याने तीनदा विसळलं, काठोकाठ चहा भरला, झाकणातही ओतला. दोरिंगने हात पुढे केला तसा तिने झाकणावर तळवा ठेवला.

"सेपा, मी टीव्हीवर सांगितलं सगळं..."

"आमचा टीव्ही पुरात गेला. त्यानंतर घेतला नाही." तिने रांगेकडे मान वळवली. "हे लोक कार्डिंगला नावं ठेवतात. यांना सांग. आधी बोल. मग पी."

दोरिंग वळली. घसा बसलेला, आवाज पार घोगरा. लहानपणी याच जागी ती हाका मारायची, तेव्हा फादर दचकायचा. आज मागच्यांना पुढे सरकून ऐकावं लागलं. पण एकही शब्द तिने गिळला नाही. भोंगा वाजला नव्हता, मला माहीत होतं, मी खोटं बोलले. रांगेतल्या एका म्हाताऱ्याने टोपी काढली. नानायने शालीचं टोक डोळ्यांना लावलं.

मग सेपाने तळवा उचलला. "पी आता. निवतोय."

मित्रांनो, आता मी पुन्हा कालिनावलाच असतो आणि रोज विसळला जातो. तुमच्याही घरी माझ्यासारखा कोणी असेल, त्याच्या तळाशी काही साचू देऊ नका. आणि कधी खरं सांगायची वेळ आली, घसा कोरडा पडला, तर माझ्याकडे हात नेऊ नका. मी काही पळून जात नाही. चहा तासभर गरम राहील, ती माझी जबाबदारी.